बटवा कोणाच्या हातीं द्यावा ?

हल्लीं बाजारांत, एस्टीच्या थांब्यावर, किंबहुना घरच्या माजघरांतहि एक प्रश्न वारंवार कानीं पडतो, तो असा कीं, "तुमच्याकडे कोणतें आहे ?" पूर्वीं हा प्रश्न घड्याळाविषयीं किंवा रेडिओविषयीं विचारीत, आतां तो मोबाईलमधील पैशाच्या बटव्याविषयीं विचारतात. कोणी फोनपे म्हणतो, कोणी गुगल पे, कोणी पेटीएम, कोणी भीम, कोणी ॲमेझॉन पे, तर कोणी मोबिक्विक. आणि जो तो आपलेंच उत्तम असें ठासून सांगतो. कारण विचारावें तर उत्तर मिळतें, "माझा मावसभाऊ हेंच वापरतो," किंवा "यावर मला एकदां एकवीस रुपये परत मिळाले." पैशाच्या व्यवहारांत इतक्या थोड्या विचारानें केलेली निवड क्वचितच दुसरी असेल.

शाळेच्या वार्षिक अंकांत अशा विषयास जागा कां द्यावी, अशी शंका कांहीं पालकांस येईल. तिचें उत्तर सरळ आहे. आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, पुष्कळ घरांतून आजीच्या किंवा आईच्या मोबाईलमध्यें हें ॲप उतरवून देणारा, तिचें बँकेचें खातें त्याला जोडून देणारा, आणि "आजी, तूं फक्त येथें बोट ठेव" असें सांगणारा हा बहुधा आमच्याच आठवी-नववींतला विद्यार्थी असतो. म्हणजे निवड करतो तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, आणि पैसा असतो आजीच्या निवृत्तिवेतनाचा, आईच्या बचतगटाचा, किंवा वडिलांनीं कांद्याच्या पट्टीचा आणलेला. ज्याच्या हातून ही निवड होते त्यानें ती समजून करावी, एवढ्याच हेतूनें आम्हीं हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर केला पाहिजे. कारण ज्यांस सर्व लोक सरसकट 'बटवा' म्हणतात तीं एका जातीचीं नव्हेत. खरा बटवा तो, कीं ज्यांत आपण आपल्या खात्यांतून पैसे काढून अगोदर भरून ठेवतों आणि मग त्यांतून खर्च करतों. एकदां भरले कीं ते पैसे आपल्या बँकेंत राहिले नाहींत. ते बटवा चालविणाऱ्या कंपनीच्या स्वाधीन झाले. दुसरी जात निराळी. तींत ॲप केवळ निरोप पोंचविणारा असतो. पैसे आपल्या बँकेंतच असतात, आणि आपण पिन टाकला कीं आपल्या बँकेंतून दुकानदाराच्या बँकेंत परस्पर जातात. ही व्यवस्था यूपीआय या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें ती २०१६ च्या एप्रिलमध्यें सुरू केली. आपल्या देशांत गुगल पे हें या दुसऱ्या जातीचें आहे. भीम हेंहि त्याच जातीचें असून ३० डिसेंबर २०१६ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. मोबिक्विकचा आरंभ २००९ सालीं झाला तो पहिल्या जातीचा बटवा म्हणून. फोनपे व ॲमेझॉन पे यांत दोन्ही प्रकार एकाच छपराखालीं नांदतात, आणि घोटाळा होतो तो बहुधा येथेंच. कारण पडद्यावर बटव्याची शिल्लक आणि बँकेचें खातें हीं एकाखालीं एक दिसतात, व घाईंत बोट कोणत्या ओळीवर पडलें याकडे कोणाचें लक्ष नसतें.

आतां निवडीस माप कोणतें लावावें ? या बाबतींत आम्हांस जुन्या मनीऑर्डरीची आठवण होते. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा कोंकणचा किंवा घाटावरचा मनुष्य पगार होतांच पोस्टांत जाई आणि घरीं मनीऑर्डर करी. आपल्याकडे पोस्टाची मनीऑर्डर १८८० सालीं सुरू झाली, आणि पुढें कित्येक पिढ्या रत्नागिरी-साताऱ्याकडचीं असंख्य घरें तिच्यावर चाललीं. त्या मनुष्यापुढें निवडीचा प्रश्नच नव्हता, कारण पोस्ट एकच. परंतु त्या एका मार्गांत मनुष्याच्या जिवाला स्वस्थता देणाऱ्या गोष्टी होत्या. पैसे भरतांच शिक्क्याची पावती हातांत येई. घरीं पैसे पोंचले कीं आईच्या सहीची किंवा अंगठ्याची पोंच कांहीं दिवसांनीं परत येई. आणि मध्यें कांहीं चुकलेंच, तर कोणत्या खिडकीपाशीं जाऊन कोणास विचारावयाचें हें अडाण्यासहि माहीत असे. आज मार्ग अनेक झाले, वेग तर विजेचा झाला. पण पैसा सध्यां कोणाच्या हातांत आहे, तो परत कसा निघतो, आणि बिघडलें तर उत्तर कोण देतो, हे प्रश्न जुनेच आहेत. ज्या बटव्याविषयीं या तिन्हींचीं उत्तरें मिळत नाहींत तो कितीहि रंगीत असला तरी आजीच्या मोबाईलमध्यें ठेवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पैसा कोणाच्या हातांत आहे हें पाहणें किती महत्त्वाचें, याचा धडा सर्व देशास २०२४ च्या आरंभीं मिळाला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें व हजाराच्या जुन्या नोटा चलनांतून बाद झाल्या, त्यानंतरच्या टंचाईंत पेटीएमचा बटवा शहरापासून खेड्यांतील टपरीपर्यंत पोंचला. पुढच्या वर्षीं तो बटवा पेटीएम पेमेंट्स बँकेकडे गेला. नियमपालनांतील सततच्या उणिवांचें कारण दाखवून ३१ जानेवारी २०२४ रोजीं रिझर्व्ह बँकेनें या बँकेस हुकूम केला कीं, ठरलेल्या तारखेनंतर ग्राहकांच्या खात्यांत, बटव्यांत किंवा फास्टॅगमध्यें नवा भरणा घेऊं नये. ही तारीख आधीं २९ फेब्रुवारी होती, ती मागाहून १५ मार्च करण्यांत आली. येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे : असलेली शिल्लक खर्च करण्यास किंवा काढून घेण्यास मनाई नव्हती, आणि कोणाचा पैसा बुडाला असें म्हणतां येणार नाहीं. तरी त्या सहा आठवड्यांत किती दुकानदारांची धांदल उडाली असेल ! ज्यांचा क्यूआरचा पैसा त्याच बँकेच्या खात्यांत जमा होई त्यांना दुसरीकडे खातें जोडून घ्यावें लागलें. ज्यांचें खातें आधींपासून दुसऱ्या बँकेंत होतें त्यांना कांहींच करावें लागलें नाहीं. आणि ॲप ? तें बंद पडलें नाहीं. त्याच मार्चमध्यें त्याला इतर बँकांच्या द्वारें यूपीआय चालविण्याची परवानगी मिळाली. भिंतीवरील पाटी तीच राहिली, आणि आंतील तिजोरी मात्र बदलली. पाटी पाहून निवड करणारांस हा फरक दिसत नाहीं.

बटवे आपण होऊनहि बंद होतात. स्टेट बँकेसारख्या मातबर बँकेचा 'बडी' नांवाचा बटवा २०१८ च्या नोव्हेंबरअखेर बंद झाला. व्होडाफोनच्या एम-पेसानें आपला परवाना परत केला व जानेवारी २०२० मध्यें रिझर्व्ह बँकेनें तो रद्द झाल्याचें जाहीर केलें. गंमत अशी कीं, याच नांवाचा बटवा केनियांत २००७ पासून घरोघर पोंचला. तेथें बँका दूर होत्या आणि बटवा जवळ होता. आपल्याकडे यूपीआय आल्यावर बँकच मोबाईलमध्यें येऊन बसली. तेव्हां एका देशांत गाजलेलें नांव दुसऱ्या देशांत टिकेलच असा भरंवसा धरतां येत नाहीं.

कायद्यानें बटव्यांतील पैशास कांहींच संरक्षण नाहीं असें नव्हे. बँक नसलेल्या कंपनीनें ग्राहकांचा पैसा आपल्या धंद्याच्या पैशांत मिसळूं नये. तो एस्क्रो नांवाच्या वेगळ्या खात्यांत एखाद्या शेड्यूल्ड बँकेंत ठेवावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पण बँकेंतील ठेवीस पांच लाख रुपयांपर्यंत विम्याचें जें संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून मिळूं लागलें, तें अशा कंपनीच्या बटव्यांतील शिलकेस लागू नाहीं. शिवाय बटव्यांतील शिलकेवर व्याज मिळत नाहीं. एखाद्या गृहस्थानें दहा हजार रुपये बटव्यांत वर्षभर पडूं दिले तर बचतखात्यावरचें थोडेंबहुत व्याजहि त्यानें सोडलें आणि विम्याचें छत्रहि सोडलें. त्याबदल्यांत त्याला काय मिळालें, तर बहुधा पिझ्झ्याच्या दुकानाचें एक कुपन, तेंहि मुदत टळून गेलेलें.

आतां पैसा परत कसा निघतो हें पाहूं. या बाबतींत बटव्यांत दोन पायऱ्या आहेत. केवळ मोबाईलचा नंबर व थोडी माहिती देऊन उघडलेला तो लहान बटवा; त्यांत कोणत्याहि वेळीं दहा हजारांहून अधिक शिल्लक ठेवतां येत नाहीं, त्यांतून केवळ खरेदी करतां येते, दुसऱ्यास पैसे पाठवितां येत नाहींत आणि रोखहि काढतां येत नाहींत. ग्राहकाची ओळख पूर्ण पटविल्यावर, म्हणजे ज्यास केवायसी म्हणतात तें पुरें झाल्यावर, मोठा बटवा मिळतो. त्याची मर्यादा दोन लाख रुपयांची असून त्यांतून बँकेंत पैसे परत धाडतां येतात. ३१ मार्च २०२२ पर्यंत असे मोठे बटवे एकमेकांशीं यूपीआयनें जोडण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेनें केली, आणि डिसेंबर २०२४ मध्यें एका कंपनीचा बटवा दुसऱ्या कंपनीच्या ॲपांतूनहि वापरण्यास मोकळीक दिली. यास्तव ज्यास बटवा ठेवावयाचाच आहे त्यानें केवायसी पुरी करावी. अर्धवट बटवा म्हणजे आंत जाण्यास दार रुंद आणि बाहेर येण्यास खिडकी अरुंद, अशा घरासारखा होय.

मागील एका सहलीच्या वेळीं याचा प्रत्यय आम्हांस आला. वर्गणी भरण्याचा शेवटचा दिवस होता. एका विद्यार्थिनीच्या आईकडे शिवणकामाचे सातशें रुपये एका बटव्यांत जमा होते. कंपनीचें नांव येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. बटव्याची ओळखपूर्ति झालेली नव्हती, म्हणून ते पैसे शाळेच्या खात्यांत वळवितां येईनात. त्या बाईंनीं बटव्यावर दिलेल्या नंबरास फोन केला, तों यंत्रांतला आवाज इंग्रजींत व हिंदींत आंकडे दाबावयास सांगे. चार वेळां दाबूनहि माणूस कांहीं बोलला नाहीं. मुलगी सहलीस गेली, कारण वर्गशिक्षिकेनें वर्गणी पुढें भरण्याची सवलत दिली. परंतु त्या सातशें रुपयांची तेल-साखर पुढें हळूहळू त्याच बटव्यांतून आणावी लागली. रक्कम लहान खरी. पण त्या घरांत सातशें रुपये म्हणजे किती पोलकीं, हें आम्ही जाणतों.

बक्षिसांचें पुराण फार लांबवीत नाहीं. कॅशबॅक म्हणून जें मिळतें तें बहुधा रोख नसतें. दुसऱ्या खरेदीस लावण्याचें कुपन असतें, किंवा खरडण्याची चिठ्ठी, आणि खरडल्यावर "पुन्हां प्रयत्न करा". नव्या कंपन्या आरंभीं गिऱ्हाईक जमविण्याकरितां खरोखरच पैसे वांटतात, हें खरें. पण जत्रेंतला दुकानदार पहिला पेढा फुकट देतो म्हणून कोणी पांच किलो घेत नाहीं. शिवाय क्रेडिट कार्डानें बटवा भरल्यास पुष्कळ ठिकाणीं आकार पडतो, आणि कांहीं बटव्यांच्या अटींत फार काळ न वापरलेल्या शिलकेंतून रक्कम कापण्याचें कलमहि असतें. या अटी वाचावयास कोणास वेळ नसतो, ही तक्रार आम्ही नेहमीं ऐकतों. आमच्या विद्यार्थ्यांस मात्र ती शोभत नाहीं, कारण याहून बारीक टाईपाचीं क्रिकेटचीं कोष्टकें ते पाठ करतात.

एक मत असेंहि मांडलें जातें कीं, सर्व घरानें, सर्व आळीनें एकच ॲप वापरावें म्हणजे सोईचें पडतें. बंद बटव्यांच्या काळीं यांत तथ्य होतें. एका बटव्यांतून दुसऱ्यांत पैसे जात नसत, आणि दुकानदारास काउंटरावर चार चार पाट्या मांडाव्या लागत. यूपीआयमुळें हें कारण उरलें नाहीं. भीमवरून पाठविलेले पैसे फोनपेच्या क्यूआरवर जातात, गुगल पेवरून पाठविलेले पेटीएमच्या क्यूआरवर. कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या मावशींच्या पुढ्यांत कोणाची पाटी आहे यावरून आपलें ॲप ठरविण्याचें प्रयोजन नाहीं. उलट सर्वांनीं एकाच्याच मागें लागण्यांत सार्वजनिक धोका आहे. २०२४ सालीं यूपीआयच्या व्यवहारांपैकीं चार-पंचमांशांहून अधिक व्यवहार फोनपे व गुगल पे या दोन ॲपांवरूनच होत. कोणाहि एका ॲपाचा वांटा तीस टक्क्यांहून अधिक असूं नये, असें नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें नोव्हेंबर २०२० मध्येंच ठरविलें. पण त्या नियमाची अंमलबजावणी पुढें ढकलीत ढकलीत २०२६ च्या अखेरीपर्यंत नेण्यांत आली. गिऱ्हाइकांचीच संवय मोडेना, तेथें नियम एकटा काय करणार ? घरांत दोघांनीं दोन निरनिराळीं ॲप वापरावींत, त्यांतलें एक लहान कंपनीचें किंवा भीम असावें, अशी आमची सूचना आहे. एकाचें अडलें तर दुसऱ्याचें चालेल, आणि बाजारांत चढाओढहि जिवंत राहील.

अर्थात् ॲप बदलल्यानें सर्वच अडचणी सुटतात असें नाहीं. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्यें यूपीआयच्या मूळ व्यवस्थेंतच अडथळे आले. १२ एप्रिलच्या दिवशीं तर देशभर लोक दुकानांत मोबाईल हलवीत उभे होते. रस्ताच बंद झाल्यावर मोटार कोणत्या कंपनीची आहे हें विचारण्यांत अर्थ नाहीं. ज्या व्यवस्थेवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यांत २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, तीहि अधूनमधून थांबते. म्हणून शर्टाच्या खिशांत दोनशें-तीनशें रुपयांच्या नोटा असूं द्याव्यात. कित्येक तरुण वाचकांस हा सल्ला जुनाट वाटेल. त्यांनीं परगांवच्या स्टँडवर, मोबाईलची बॅटरी संपलेली असतांना, एकदां वडापाव मागून पाहावा.

इतकें लिहिल्यावर आम्ही बटव्याच्या विरुद्ध आहों असा समज होण्याचा संभव आहे. तसें नाहीं. लहान रकमेकरितां बटवा हा उपयुक्तच आहे. बँकेचा सर्व्हर बंद असला तरी कित्येकदां बटवा चालतो. पांच-दहा रुपयांच्या व्यवहारांनीं पासबुकाचीं पानेंच्या पानें भरत नाहींत. आणि मोठा लाभ हा कीं, मोबाईल चोरास मिळाला किंवा कोणी फसविलें तर बटव्यांत जेवढें असेल तेवढेंच जाण्याची भीति. आजीचें मुख्य खातें दूर राहतें. याच विचारानें सप्टेंबर २०२२ मध्यें यूपीआय लाइट निघालें. त्यांत पिनवांचून लहान रक्कम देतां येते. डिसेंबर २०२४ च्या निर्णयानें एका वेळची मर्यादा एक हजार व एकंदर शिलकेची पांच हजार रुपये करण्यांत आली. पिन लागत नाहीं ही सोय आहे तशीच जोखीमहि आहे. मोबाईलला कुलूप नसेल तर ती शिलक कोणाचीहि होईल. म्हणून आमच्या मतें घरोघर व्यवस्था अशी असावी : मोठी रक्कम बँकेंत, रोजच्या बाजाराकरितां एका निराळ्या लहान बचतखात्यास जोडलेलें यूपीआय, किंवा आठवड्याच्या खर्चापुरती रक्कम बटव्यांत वा लाइटमध्यें. बायका पूर्वीं धान्याच्या डब्यांत पैसे ठेवीत ते सगळे कधीं ठेवीत नसत. तोच हिशेब येथें लावावा.

राहतां राहिला प्रश्न उत्तर देणाराचा. आणि निवड करतांना हाच सर्वांत कमी विचारला जातो. ॲप उतरविल्यावर पैसे भरण्यापूर्वीं त्यांतील तक्रारीचें पान उघडून पाहावें : तेथें मराठींत कांहीं आहे काय, माणसाशीं बोलण्याचा नंबर आहे काय, तक्रारीस क्रमांक मिळतो काय ? रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर परवाना असलेल्या बटव्यांची यादी असते. तींत नांव नसेल तर पुढें विचारच करूं नये. कायद्यानें ग्राहकास कांहीं हक्क दिले आहेत तेहि ठाऊक असावेत. आपल्या खात्यांतून पैसे वजा झाले आणि समोरच्या मनुष्यास पोंचले नाहींत, तर यूपीआयमध्यें ते दुसऱ्या दिवसाअखेर परत यावेत, आणि त्यापुढें उशीर झाल्यास दररोज शंभर रुपये भरपाई मिळावी, असें रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१९ मध्यें ठरवून दिलें. त्याच वर्षाच्या जानेवारींत बटव्यांविषयीं असाहि नियम झाला कीं, ग्राहकाची चूक नसतां तिऱ्हाइतानें पैसे उडविले व ग्राहकानें तीन दिवसांचे आंत कळविलें, तर तोटा ग्राहकावर पडूं नये. पण आपणच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर कळवीपर्यंत झालेला सर्व तोटा आपला. कळविण्यास उशीर करणें हें लाजेमुळें होतें. फसलों असें सांगावयास म्हातारीं माणसें कचरतात, आणि तासांमागें तास जातात. नातवंडांनीं त्यांस अगोदरच सांगून ठेवावें कीं, असें झाल्यास कोणी रागावणार नाहीं, व ताबडतोब १९३० या सरकारी नंबरावर फोन करावयाचा. पैसे घेण्याकरितां पिन कधींहि लागत नाहीं, हें तर घरांतील प्रत्येकास पाठ असलें पाहिजे.

विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या पैशाविषयीं दोन शब्द. वसतिगृहांतील मुलांस बटवा भरून देण्याची चाल पडत आहे. त्यापेक्षां यूपीआय सर्कल ही सोय आम्हांस बरी वाटते. २०२४ च्या उत्तरार्धांत ती सुरू झाली. तींत खातें वडिलांचें किंवा आईचेंच राहतें, मुलास महिन्याची मर्यादा ठरवून खर्चाची मुभा देतां येते, ही मर्यादा पंधरा हजारांहून अधिक ठेवतां येत नाहीं, आणि हवें तर प्रत्येक खर्च पालकांनीं मान्य केल्यावांचून होत नाहीं अशीहि योजना करतां येते. बटवा भरून दिला म्हणजे पैसा मुलाच्या हवालीं होतो. येथें केवळ अधिकार दिला जातो, आणि तो केव्हांहि काढून घेतां येतो. दहा वर्षांवरील मुलांस स्वतंत्रपणें बचतखातें चालवूं देण्याची परवानगीहि रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०२५ मध्यें बँकांस दिली आहे. तेव्हां ज्यांस शक्य असेल त्यांनीं मुलाचा पहिला पैसा बँकेच्या खात्यांतच पडूं द्यावा. ज्या आजी-आजोबांजवळ बटणांचा साधा फोन आहे त्यांच्यासाठीं २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. केवळ पैसे पाठविण्याकरितां त्यांच्या गळ्यांत महागडा मोबाईल बांधण्याची निकड नाहीं.

येत्या सुटींत आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनीं एक काम करावें. घरांतील प्रत्येक मोबाईलवर पैशाचीं कोणतीं ॲप आहेत, त्यांतील कोणत्या बटव्यांत किती रुपये विसरून पडले आहेत, केवायसी पुरी आहे कीं नाहीं, आणि तक्रारीचा नंबर लावल्यास पांच मिनिटांत माणूस बोलतो कीं नाहीं, हें वडील माणसांच्या समक्ष व त्यांच्या परवानगीनें पाहून वहींत लिहावें. पिन मात्र कोठेंहि लिहूं नये व विचारूंहि नये. जे बटवे नको असतील त्यांतली शिल्लक किराण्यांत खर्चून किंवा बँकेंत परत घेऊन ते रीतसर बंद करावेत. नुसतें ॲप पुसून टाकल्यानें बटवा बंद होत नाहीं. रकमा व नांवें वगळून तक्रारीच्या नंबरांचा अनुभव तेवढा वर्गशिक्षकांकडे द्यावा. तो एकत्र करून शाळेच्या फलकावर लावण्याची, व ज्या कंपन्यांकडे मराठींत बोलणारा कोणी आढळला नाहीं त्यांस मुख्याध्यापकांच्या सहीनें पत्र धाडण्याची व्यवस्था आम्ही करूं.